केडगावच्या विहिरी, केडगावचे खिळे

जवळचा शेवटचा तांदूळ संपला होता. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने रानात अकरा दिवस आणि अकरा रात्री काढल्या. १८७० च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ होता तो. शास्त्रीबुवा मोठे विद्वान. तीर्थक्षेत्री जाऊन पुराण सांगावं, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि त्यातूनही दानधर्म करावा, अशी त्यांची रीत होती. अन्न संपत आलं तसे उपवास, जप आणि स्नानं वाढली. अंगमेहनतीची मजुरी कोणाला येत नव्हती आणि जातीच्या अभिमानामुळे ती मनातही येत नव्हती. अखेर मुलगा श्रीनिवास म्हणाला, अभिमान राहू दे, मी मोलमजुरी करतो. पण तोवर फार उशीर झाला होता. काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली.

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याकडे आळशी माणसाला टोचायला वापरतात. अनंतशास्त्री आळशी नव्हते. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवायचं म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला होता. त्यांची श्रद्धाही लटकी नव्हती. पण त्या श्रद्धेने हातांना काम सांगितलं नाही. हे सगळं पाहणारी धाकटी मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही कहाणी स्वतः सांगितली आहे. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या आणि देवावरचा त्यांचा भरवसा वडिलांइतकाच गाढ राहिला. फरक एवढाच की रमाबाईंचा भरवसा सकाळी उठून कामाला लागत असे.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं; पुढे ते पुण्यात आलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं होतं. दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न होताच. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली. तिथे फळझाडं लावायची, ती धरू लागली की उत्पन्नावर शाळा चालेल, असा हिशेब त्यांनी मांडला. देवावर हवाला ठेवणाऱ्या बाईने झाडाला फळ यायला किती वर्षं लागतील हेही मोजलं, आणि हे दोन्ही त्यांना एकाच निष्ठेचे भाग वाटत होते. हे मला फार मोलाचं वाटतं.

१८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमार काय असते ते त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. तीनशे मुली वाचवायच्या, असं त्यांच्या मनाने घेतलं. पदरी त्यासाठी पैसा नव्हता. पुण्यात प्लेग, त्यामुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवण्यावर निर्बंध आले. मग केडगावच्या उघड्या माळावर निवारा उभा राहिला आणि त्यातूनच 'मुक्ती' ही संस्था वाढली. त्याच सुमारास प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी हेळसांड होत होती, तिच्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. देव पाहून घेईल म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

पुढचा दुष्काळ १८९९–१९०० चा. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. गुरंढोरं होती, बांधकामं चालू होती आणि पाणी विहिरींचं. संस्थेच्या जुन्या वृत्तांतांत लिहिलं आहे की संध्याकाळी विहिरी तळाला जात आणि सकाळी पुन्हा पाणी साठलेलं असे. रमाबाईंना त्यात देवाचा हात दिसला. पण त्या विहिरी खणल्या होत्या माणसांनी, कुदळ-फावड्याने, आधी.

ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र रमाबाईंनी आवडीने वाचलं होतं. म्युलर माणसांपुढे हात पसरत नसत, फक्त देवाकडे मागत. मात्र आलेल्या दानाचा तपशीलवार हिशेब दर वर्षी छापत. असा भरवसा रमाबाईंना पटण्यासारखाच होता. मुक्तीत आलेल्या प्रत्येकीला काहीतरी शिकावं लागे: विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, घाण्यावर तेल काढणं. अंध मुलींना ब्रेल आणि वेतकाम.

आणि छापखाना. शिशाच्या खिळ्यांनी मराठी मजकूर जुळवणं किती किचकट असतं ते जुन्या जुळाऱ्यांनाच ठाऊक. अक्षर उलटं ओळखायचं, काना-वेलांटीचे आणि जोडाक्षरांचे खिळे असंख्य खणांतून वेचायचे, ओळ ताठ बसवायची, मुद्रित काढायचं आणि एक अनुस्वार चुकला की चिमट्याने तो खिळा उपसून पुन्हा बसवायचा. छापून झालं की सगळे खिळे परत आपापल्या खणात. हे काम दुष्काळातून आलेल्या, अनेकदा पाटीला हातही न लावलेल्या मुली शिकल्या. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. या भाषा त्या उतारवयाकडे झुकताना शिकल्या, तेही कमी ऐकू येत असताना. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या मिळवलेल्या या बाईंनी खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी मुद्दाम निवडली. हे काम पंधरा वर्षांहून अधिक चाललं.

२४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. संस्थेची पुढची सगळी भिस्त तिच्यावर होती. अशा वेळी श्रद्धेचा माणूस कोपऱ्यात बसून डोळे मिटतो, असं आपण धरून चालतो. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचं निधन झालं. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

महाराष्ट्राने रमाबाईंना १८९३ च्या शारदा सदनाच्या वादात अडकवून ठेवलं. त्यांनी धर्म बदलला, मुलींवर प्रभाव टाकला, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, 'केसरी'ने टीका केली. आपल्याकडे गोष्ट बहुधा इथेच संपते. त्यानंतर त्या जवळपास तीस वर्षं राबल्या, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कसाचा भाग तोच आहे. त्यांच्या धर्माशी वाचकाचं जमो न जमो, रमाबाई वाचायला घ्याल तेव्हा पुण्याच्या वादापाशी पुस्तक मिटू नका, केडगावपर्यंत या.