समाधान कुणाचं?

समाधान हा भरल्या पोटाचा शब्द आहे. दवाखान्याच्या छापील फॉर्मवर तो सापडतो. मिळालेल्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात काय? खाली दोन चौकोन. होय, नाही.

माझी थोरली बहीण बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जायची. दिवाळी झाली की टोळी निघायची. गावची नर्सबाई, आशाताई, तपासणीचं कार्ड, सगळं मागं राहायचं. त्या साली सातवा महिना घेऊन गेली. मुकादमाची उचल अंगावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बसली की उरला अर्धा कोयता आणि दिवसाचा खाडा. खाड्याचे पैसे हिशोबातून कापणार. म्हणून कळा सुरू होईस्तोवर ती डोक्यावर मोळ्या वाहत राहिली.

दवाखान्यात नेलं तर पहिला सवाल, 'कुठली गं तू? नाव कुठं नोंदवलं?' मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून आवाज कसा बदलतो, हे आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी ती कोपीवर, पंधराव्या दिवशी फडात. पोर पाचटावर अंथरलेल्या लुगड्यात.

मी विचारलं, 'आक्का, दवाखाना कसा व्हता?'

म्हणाली, 'चांगला व्हता की. मारलं न्हाई कुणी. पोरगी जिती हाय, मी बी जिती हाय. आजून काय पायजे?'

फॉर्मवर हिची खूण 'होय'च्या चौकोनात पडणार. जिला कधी काही मिळालंच नाही, तिचं समाधान फार स्वस्त असतं. ते मोजून दवाखाना कळत नाही. आमची बाई किती खाली दाबली गेलीय, तेवढं कळतं.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी-नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे. त्याचा भार सरकारनं उचलावा, पण मालकही सुटत नाही. असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला. १९६१ साली साऱ्या देशासाठी झाला. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आक्काला २६ दिवस नाहीत. कारण साखर कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नावच नाही. व्यवहार मुकादमाशी, तोही नवऱ्याच्या नावानं. साखर कारखान्याची, बाई कुणाचीच नाही.

खाड्याची भीती कुठवर नेते? २०१९ साली सरकारी समितीपुढं आकडा आला. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या.

तेव्हा मित्रांनो, फडावर जाल तर सवाल बदला. बाई, विसावा किती दिवस मिळाला? खाडा किती कापला? गावचं कार्ड इथं चाललं का? आडनाव कुणी विचारलं? उत्तरं तारखेसकट लिहून घ्या आणि कारखान्याच्या दारात मोठ्यानं वाचा.

समाधानाचं मागून बघू. आधी हिशोब.