तोफांची सलामी आणि निळे मणी

कॅरिबियन म्हटलं की आपल्याला तीनच गोष्टी आठवतात : क्रिकेट, रम आणि जॅक स्पॅरो. सिंट युस्टेशियस या यादीत बसत नाही. पांढऱ्याशुभ्र वाळूचे लांबलचक बीच नाहीत, मॉल तर नाहीच. जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती तीनेक हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सएवढी! लाडाचं नाव स्टेशिया. बेट डचांचं आणि 2010 पासून नेदरलँड्सची 'खास नगरपालिका'.

तिथे गेलात की पहिल्यांदा तुम्हाला फोर्ट ऑरान्यवर नेतात. मलाही नेलं. कड्यावरचा आटोपशीर किल्ला, समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या तोफा आणि एक ब्राँझचा फलक. 16 नोव्हेंबर 1776 ला 'अँड्र्यू डोरिया' हे अमेरिकन जहाज इथे आलं आणि गव्हर्नर योहानेस द ग्राफ यांनी त्याच्या सलामीला तोफांनी उत्तर दिलं. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर करून तेव्हा साडेचार महिनेही झाले नव्हते. फलक 1939 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दिलेला. दर 16 नोव्हेंबरला बेटावर 'स्टेशिया डे' असतो.

गोष्ट सॉलिड आहे, पण त्यात तत्त्व किती आणि धंदा किती, हा प्रश्न मला तिथेच पडला. कारण हे खुलं बंदर होतं. ऐन भरात वर्षाला तीनेक हजार जहाजं यायची आणि अमेरिकन बंडखोरांना दारूगोळा इथूनच मिळायचा. गिऱ्हाईक मोठं होतं, बॉस! इंग्रजांनी हे विसरायचं नाकारलं. फेब्रुवारी 1781 मध्ये अ‍ॅडमिरल रॉडनीने बेट घेतलं, गोदामं लुटली आणि किल्ल्यावर डच झेंडा तसाच फडकत ठेवून बेसावध जहाजं जाळ्यात ओढली. ज्यू व्यापाऱ्यांना तर वेगळं काढून त्यांच्या कपड्यांची अस्तरं उसवली. त्यांच्या 1739 च्या 'होनेन दालिम' सिनेगॉगच्या पिवळ्या विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत. वर छप्पर नाही, नुसतं आभाळ.

खाली किनाऱ्यावर त्या गोदामांचे अवशेष आहेत, काही चक्क पाण्याखाली. डचांची पडकी वखार आपल्या वेंगुर्ल्यातही आहे, त्यामुळे ते दगड मला ओळखीचे वाटले. फक्त इथल्या व्यापारात साखर, कापड आणि बंदुकांसोबत माणसंही होती. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची खरेदी-विक्री या बंदरात चालायची.

त्यांची आठवण म्हणजे निळे मणी. अ‍ॅमस्टरडॅमला बनलेले काचेचे, पंचकोनी. 1863 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा लोकांनी आनंदाने ते समुद्रात फेकले, असं बेटावर सांगतात. इतिहास की दंतकथा, कोण जाणे. पण लाटा अजूनही अधूनमधून एखादा मणी किनाऱ्यावर आणून टाकतात. तुम्ही मणी शोधत नाही, मणीच तुम्हाला शोधतो म्हणे. मला काही त्याने शोधलं नाही!

किल्ल्यावरच्या फलकापेक्षा मला जास्त छळलं ते विमानतळानं. त्यालाही रूझवेल्ट यांचंच नाव आहे. 2021 मध्ये त्याच्या लगत, गोल्डन रॉक या जुन्या मळ्याच्या जमिनीत, गुलामांची दफनभूमी सापडली. चाळीसहून अधिक सांगाडे निघाले, त्यात बाळंही होती. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने हा खजिनाच. बेटावरचे लोक मात्र भडकले. आमचे पूर्वज उकरताना आम्हाला कोणी विचारलं, हा त्यांचा प्रश्न होता. विरोध इतका वाढला की खोदकाम थांबवावं लागलं. अठराव्या शतकात त्या माणसांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या वतीने बोलणारं कुणी उभं राहायला 2021 उजाडलं.