झांझिबारची माणसं आणि आमचा जिल्हा

सोमवार, सातारा

पाटणची सातची गाडी सव्वाआठला आली. कऱ्हाडला पुढची चुकली, पाऊण तास फलाटावर उभी. तिकिटं (बायकांना अर्धी) ८५ रुपये. मिसळ ७०, चहा २०. खोली ६००, गरम पाणी नाही. गुडघा ठणकतोय. झोपते.

मंगळवार, वाई

गाडी आजही उशिरा. गुडघा तसाच. पण शेजारी ढेबेवाडी खोऱ्यातले एक आजोबा बसले आणि वाट कशी सरली ते कळलं नाही. ते लेकीकडे भुईंजला निघालेले. सगळी उमेद मुंबईत गेली, मशीद बंदरला, मसाला बाजारात माथाडी म्हणून.

"बाई, कुणीकडं?"

पाचगणीला, म्हटलं. झांझिबारहून आलेला एक मुलगा तिथं शिकला, त्याची शाळा बघायची आहे.

"झंजीबार?" आजोबा सावरून बसले. "आवं, झंजीबारची लवंग म्या पाठीवं वाहिलीया!"

मग थांबेचनात. लवंगेची गोणी डोळे मिटूनही ओळखू येते. उन्हाळ्यात घामात तिचा तिखटपणा उतरला की मानेची आग आग होते. हूक जपून लावायचा, गोणी उसवली तर मुकादम अंगावर येणार. रात्री गाळ्यावर गेलं की बाकीचे वासावरून म्हणणार, आज लवंग उतरली वाटतं. सदऱ्याची कॉलर खाली ओढून त्यांनी मानेखालचा घट्टा दाखवला, सुपारीएवढा, काळा पडलेला. "आता दुखत न्हाई," म्हणाले. अण्णासाहेब पाटलांचं नाव घेताना त्यांनी हात जोडले. आमच्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्याआधी वाराई, म्हणजे हमालीची मजुरी, व्यापारी देईल तीच.

भुईंजला उतरताना म्हणाले, "त्या पोराच्या शाळंत आमचा बी रामराम सांगा."

झांझिबार बेटावर लवंगेच्या बागा बहुतेक अरबांच्या आणि स्थानिक शेतकऱ्यांच्या, तोडणीला आफ्रिकी मजूर, व्यापार बराचसा गुजराती-कच्छी पेढ्यांचा, कचेऱ्यांत पारशी आणि गोवेकर. १९३७ साली तिथल्या इंग्रज सरकारनं लवंगेच्या व्यापारातून हिंदी व्यापाऱ्यांना बाजूला सारणारा कायदा केला, तेव्हा काँग्रेसनं मुंबईत झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि १९३८ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. चिमूटभर मसाल्यासाठी एवढं रामायण झालेलं आणि शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवून मी ते मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

तिकीट ४०. जेवण १२०. चहा २०.

बुधवार, पाचगणी

पसरणी घाट चढताना कान बधिर झाले. थंडी सोसवत नाही.

त्या मुलाचं नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी बलसारा तिथल्या हायकोर्टात कॅशियर, घराणं मूळ वलसाडकडचं पारशी. आठ वर्षांच्या पोराला आईबापांनी बोटीनं मुंबईला धाडलं आणि तिथून इथं, सेंट पीटर्समध्ये. सुट्टीत मुंबईला मावशीकडे, घर समुद्रापार. शाळा चालू होती, म्हणून आत शिरले नाही. रस्त्यावरून सिल्व्हर ओकच्या झाडांखालून बघत राहिले. थोड्या वेळानं मधली सुट्टी झाली. त्या गलक्यात एक अगदी लहान मुलगा स्वेटरच्या बाह्या ओढत एकटाच उभा होता. आठ वर्षं म्हणजे केवढं वय असतं ते तेव्हा कळलं. मला रडू आलं, ते तसंच लिहून ठेवते.

याच शाळेत तो पियानो शिकला, इथंच त्याला फ्रेडी म्हणू लागले. १९५८ मध्ये मित्रांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यातला डेरिक ब्रँच पुढं इंग्लंडमध्ये नट झाला, फरंग इराणी पुण्यात हॉटेल चालवू लागला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला. एका डोंगरावरच्या वसतिगृहातली ही पोरं! १९६३ च्या सुमारास फ्रेडी बेटावर परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, अरब आणि हिंदी लोकांच्या कत्तली झाल्या आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढचा गायक फ्रेडी मर्क्युरी जगाला ठाऊक आहे.

जिल्ह्यातली थोर माणसं म्हणून आम्ही मुलांकडून नावं पाठ करून घेतो : सावित्रीबाई, खाशाबा जाधव. त्यांच्या पंगतीला मी याला बसवत नाही. त्यांच्या कामाची जात वेगळी. पण गाणाऱ्याचा गळा आणि बोटं जिथं तयार झाली त्या जिल्ह्यानं त्याचं नावही घेऊ नये, हे मला पटत नाही. जन्मभूमीतही त्याला सहज जागा मिळाली नाही. २००६ मध्ये त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा सोहळा तिथल्या एका धार्मिक गटाच्या विरोधामुळं रद्द झाला. त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय स्टोन टाउनमध्ये उघडलं ते २०१९ साली.

गुरुवार, पाचगणी

थंडीनं डोकं धरलंय. बाजारापर्यंत गेले, स्ट्रॉबेरी ८० ची घेतली, आंबट निघाली. गुडघ्यामुळं टेबललँड राहिलंच.

पांघरुणात बसून झांझिबारची गायिका सिती बिंती साद हिच्याबद्दल वाचलं. कुंभाराच्या घरची मुलगी, डोक्यावर मडकी घेऊन गावोगाव विकायची आणि विकता विकता गायची. झांझिबारचं ताराब संगीत तोवर सुलतानाच्या दरबारात अरबीत चाले, ते तिनं स्वाहिलीत आणून साध्या माणसांच्या ओठांवर बसवलं. १९२८ साली ती आपल्या साथीदारांसह मुंबईला आली आणि एचएमव्हीसाठी तिच्या तबकड्या इथं ध्वनिमुद्रित झाल्या. पूर्व आफ्रिकेतल्या बाईचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उतरला तो आपल्या मुंबईत. लवंग आली, सिती आली, फारोख आला, सगळी एकाच बंदरात उतरली. त्या बंदरावर ओझी उचलायला आमच्या पाटणची माणसं होती. यांची गाठ कधी पडली नसेल, तरी एका गोष्टीत ती शेजारी शेजारी आहेत आणि ही गोष्ट आपल्याला सांगितली पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं.

अब्दुलरझाक गुर्ना, २०२१ चे नोबेल मिळालेले, तेही याच बेटाचे. क्रांतीनंतर काही वर्षांनी, कोवळ्या वयात देश सोडून इंग्लंडला गेले. त्यांच्या कादंबऱ्यांत हिंदी दुकानदार सतत भेटतात. मराठीत त्यांच्यावर सविस्तर कुणीतरी लिहावं.

शुक्रवार, पाटण

पाचगणी ते वाई ते सातारा ते कऱ्हाड ते पाटण. सगळी मिळून तिकिटं १४०. जेवण १००. साताऱ्याला दीड तास खोळंबा. पोचायला रात्रीचे नऊ.

भाच्याला फोन केला. तो वाशीच्या मसाला मार्केटला कामाला आहे, म्हणाला, आत्या, पुढच्या आठवड्यात या, टोळीतल्या जुन्या माणसांशी गाठ घालून देतो. रविवारचं रिझर्व्हेशन करायला सांगितलंय.