मालदांडी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीची पेरणी होते तेव्हा पाऊस निघायच्या तयारीत असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, वापसा बघून, पाभर चालते. खरिपाची पिकं पडणाऱ्या पावसावर वाढतात, हिच्या वाट्याला मात्र पडून गेलेल्या पावसाची ओल येते. मीटरभर खोल चांगल्या काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. कोरडवाहू रानात फेब्रुवारीत कणसं खुडेपर्यंत तिचा संसार बहुतेक एवढ्यावरच चालतो.

उंच, सडसडीत ताट, त्यावर बोटाला लागणारी पांढुरकी भुकटी, आणि मोत्यासारखे टपोरे, चमकदार दाणे. ताटावरची ती भुकटी म्हणजे मेण. अंगातलं पाणी कातडीवाटे उडू नये म्हणून तिने ते आधीच चढवलेलं असतं. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून एक वाण निवडला गेला, एम ३५-१. त्यानंतर कितीतरी सुधारित वाण आले, तरी शेतकऱ्यांनी हिला सोडलं नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. लोक तिला काटक म्हणतात, काही न मागणारी म्हणतात. मला हे कौतुक अपुरं वाटतं. काटकपणा म्हटलं की मुकाट्याने सोसणं डोळ्यांपुढे येतं, आणि ती मुकाट्याने सोसत नाही. तहान लागण्याआधीच ती हालचाल सुरू करते.

काळी माती पाणी साठवते, पण ते सहजासहजी सोडत नाही. वाळत गेली की उरलेली ओल ती चिकणकणांभोवती अशी घट्ट धरते, की रान हाताला ओलसर लागतं आणि पीक मात्र कोमेजतं. अशा मातीतून पाणी ओढायचं तर मुळाला मातीपेक्षा जास्त ओढ लावावी लागते. म्हणून ज्वारी आपल्या पेशींत साखर, क्षार असे विरघळणारे पदार्थ वाढवते. रस दाट झाला की पाणी आत येतं. तिच्या मुळांच्या आतल्या थरात सिलिकाचे कण जमलेले असतात. माती आक्रसते तेव्हा त्यांच्यामुळे मुळाच्या आतल्या भागाला आधार मिळतो.

पण जमीन वाळतेय हे पानांना कळतं कसं? तिच्याच भावकीतल्या मक्यावर १९८५ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात एक सुंदर प्रयोग झाला. एकाच रोपाची मुळं दोन कुंड्यांत वाटली. एका कुंडीला पाणी दिलं, दुसरी कोरडी पडू दिली. ओल्या बाजूकडून पानांना पुरेसं पाणी मिळत होतं, तरीही पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटू लागली. पाच वर्षांनी सफरचंदाच्या रोपांवर असाच प्रयोग झाला आणि त्यात कोरड्या कुंडीतली मुळं कापूनच टाकली. खरं तर मुळं कमी झाल्यावर रोप आणखी खचायला हवं होतं. उलट पानांची वाढ पुन्हा सुरू झाली. म्हणजे पानांना आवरतं घ्यायला लावणारी गोष्ट पाण्याचा तुटवडा नव्हती. कोरड्या मुळांकडून वर एक सांगावा जात होता. मुळांचा हा निरोप मला वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक वाटतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी खालची बातमी वर पोचते आणि संकट दारात येण्याआधी घर सावध होतं.

छिद्रं मिटवण्याचं काम मुख्यतः ॲबसिसिक आम्ल करतं. ते मुळांतून वर येतं की पानांतच तयार होतं, यावर बराच वाद झाला. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपात दाखवलं, की पाणी तुटलं की मुळांतून एक छोटं प्रथिन वर जातं आणि त्याच्या सांगण्यावरून पान स्वतःच ते आम्ल बनवतं. पुढचं सगळं झपाट्याने घडतं. छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्यामागे पाणी जातं, पेशी सैल होतात आणि दार लागतं.

हे दार फुकट लागत नाही. त्यातूनच हवेतला कार्बन आत येत असतो, म्हणून पाणी वाचवणं म्हणजे उपाशी राहणं. शिवाय बाष्प थांबलं की पान तापतं. ज्वारीची अन्न बनवण्याची पद्धत अशी, की दार किलकिलं असलं तरी तिचं बऱ्यापैकी भागतं. गव्हाला ते जमत नाही. दुपारी तिची पानं सुरळीसारखी वळतात तीही उन्हाने गळून नव्हे. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या पेशींच्या रांगा असतात. त्या पाणी सोडून आक्रसल्या की पान मिटतं आणि उन्हाला कमी अंग दाखवतं.

वर हात आखडता घेतला, तरी खाली ती खर्च करत राहते. पानांची वाढ मंदावते आणि मुळं खोल जात राहतात. वाटेत भेगा लागतात. काळ्या रानातल्या भेगेत मूळ अधांतरी लोंबतं. मूळ हवेत आलं की फांद्या फोडणं थांबवतं आणि पलीकडे ओल लागली की पुन्हा सुरू करतं. इतर पिकांत हे २०२२ मध्ये तपशिलाने उलगडलं आणि त्यामागेही तेच ॲबसिसिक आम्ल निघालं. आपला शेतकरी भेगांचा बंदोबस्त कोळप्याने करतो. तिसऱ्या आठवड्यात फटीचं, पाचव्यात पासेचं आणि आठव्यात दातेरी कोळपं. त्या शेवटच्या कोळपणीने भेगा बुजतात आणि त्यांतून उडणारी ओल थांबते. हा माणूस आणि हे झाड एकाच कामाला दोन बाजूंनी भिडलेले असतात.

हुरड्याचे दिवस सरले, दाणा भरत आला आणि तळातली ओलही संपत आली, की हिशेब कठोर होतो. ती खालची पानं एकेक करून सोडते. ताटातली साखर कणसाकडे वळवते. दाणा भरतो, पण ताट आतून रिकामं होतं, आणि नेमकी त्याच वेळी मातीतली बुरशी आत शिरते. हाच खडखड्या रोग. चांगलं कणीस घेऊन उभं असलेलं ताट बुडाशी मोडून आडवं होतं, दाणा हलका राहतो, कडबाही हातचा जातो. म्हणूनच पोटरीत असताना एखादं संरक्षित पाणी देता आलं तर ते जरूर द्यावं. शेवटपर्यंत पानं हिरवी ठेवणाऱ्या ज्वारीच्या वाणांचा जगभर शोध चालला आहे. त्यांतल्या काहींचं गुपित असं निघालं, की ते सुरुवातीलाच पानांचा पसारा कमी ठेवतात आणि वाचलेलं पाणी दाण्यासाठी जमिनीत राहू देतात.

कापणी झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या, तरी रानात धसकटं असतात आणि त्यांची मुळं लगेच मरत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पावसाची सर येऊन गेली की त्यांना हिरवे, लुसलुशीत फुटवे येतात. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि पाण्याचा ताण बसला की त्याचं प्रमाण वाढतं. जनावराने पान चावलं की त्यातून सायनाइडचं विष सुटतं आणि धडधाकट बैल थोड्या वेळात जमिनीवर येतो. म्हणून जाणता शेतकरी असं फुटलेलं रान दिसलं की गुरं बांधावरूनच माघारी वळवतो.