गाय, गवय आणि थोरला भाऊ

शाळेंतल्या निबंधाच्या वहींत दोन जातींचे निबंध वर्षानुवर्षें ठाण मांडून बसलेले असतात. पहिली जात 'शहर व खेडें', 'लेखणी श्रेष्ठ कीं तलवार', 'दैव व प्रयत्न' अशांची. दुसरी 'खरी मैत्री', 'खरा देशाभिमान', 'संस्कृति म्हणजे काय' अशांची. पहिलींत दोन वस्तू शेजारीं उभ्या करून त्यांचें साम्य व भेद सांगावयाचा. दुसरींत एकच वस्तु धरून तिचें लक्षण बांधावयाचें. मीं तीस वर्षें मराठी शिकविली, आणि या दोन्ही जातींचे निबंध किती तपासले याची गणती माझ्यापाशीं नाहीं. त्यांतले बहुतेक वाईट होते. वाईट निबंध वाचण्याचा एक फायदा मात्र असतो: चांगला निबंध कां चांगला आहे, हें त्यावरून हळूहळू कळूं लागतें.

तुलनेचा वाईट निबंध ओळखणें फार सोपें. त्यांत 'तर दुसरीकडे' हे शब्द दर तीन ओळींनीं येतात. शहरांत मोटारी आहेत, तर दुसरीकडे खेड्यांत बैलगाड्या. शहरांत धूर, तर दुसरीकडे खेड्यांत निर्मळ हवा. आणि शेवटीं, दोहोंचेंही आपापल्या परी महत्त्व आहे असें म्हणून मुलगा दोघांनाही नमस्कार करून मोकळा होतो. व्याख्येचा वाईट निबंध याहूनही सोपा. तो शब्दकोशापासून निघतो आणि शब्दकोशापाशींच पोंचतो. वाटेंत 'खरा' हें विशेषण पंधरा वेळां भेटतें. खरी मैत्री ती, जी खोटी नसते!

यांत मुलांचा दोष फारसा नाहीं. मार्गदर्शक पुस्तकांतून त्यांच्या हातीं दोन निरनिराळे सांचे दिलेले असतात. हीं दोन कामें मुळांत एकच आहेत, केवळ दोन टोकांनीं धरलेलीं, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

आपल्या नैयायिकांना तें पक्कें ठाऊक होतें. सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें 'तर्कसंग्रह' हा लहानसा ग्रंथ लिहिला आणि त्यावर 'दीपिका' नांवाची टीकाही स्वतःच लिहिली. लक्षणाचे तीन दोष त्या टीकेंत सांगितले आहेत, आणि ते समजावण्यासाठीं बिचाऱ्या गाईला उभें केलें आहे. गाय म्हणजे तांबूस रंगाचा पशु, असें लक्षण केलें तर पांढरी गाय आणि काळी गाय बाहेर राहतात, ही अव्याप्ति. गाय म्हणजे शिंगें असलेला पशु, असें म्हटलें तर म्हैस आणि बकरीही दारांत येऊन उभ्या राहतात, ही अतिव्याप्ति. गाय म्हणजे एका अखंड खुराचा पशु, असें म्हटलें तर एकही गाय त्यांत सांपडत नाहीं, हा असंभव. इतकें झाल्यावर मग गळ्याखालीं लोंबणाऱ्या पोळीवर, संस्कृतांत जिला सास्ना म्हणतात तिच्यावर, बोट ठेवावयाचें. वाचकांनीं एवढेंच पाहावें, कीं हे दोष दिसण्यासाठीं म्हैस लागली, बकरी लागली, एका खुराचा म्हणून घोडाही लागला. दुसरें जनावर जवळ आणून बांधल्यावांचून गाईचें लक्षण तपासतांच येत नाहीं.

उलट बाजूनें पाहिलें तरी तेंच. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. म्हणजे साम्य पाहणें हें ज्ञानाचें एक स्वतंत्र साधनच ठरलें. त्याचें ठराविक उदाहरण पुन्हां गाईचेंच. गवय कसा असतो हें ठाऊक नसलेल्या मनुष्याला कोणी रानांत वावरणारा सांगतो, कीं तो गाईसारखा असतो. पुढें हा मनुष्य रानांत जातो, गाईसारखें पण गाय नव्हे असें जनावर पाहतो, ऐकलेलें वाक्य त्याला आठवतें, आणि हाच तो गवय अशी त्याची खात्री पटते. (आपला 'गवा' हा शब्द कानाला या गवयाचाच नातलग वाटतो. राधानगरीच्या रानांत गवे आहेत. समोर गवा उभा असतां गाईशीं त्याचें साम्य न्याहाळण्याइतका धीर ज्याला राहील, त्यानें अवश्य नैयायिक व्हावें.) तुलनेनें हातीं आलें काय, तर एका शब्दाचा अर्थ.

ग्रीकांचीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मनुष्य म्हणजे दोन पायांचा, पिसें नसलेला प्राणी, अशी व्याख्या प्लेटोनें केली. तेव्हां डायोजिनीसनें एक कोंबडा आणला, त्याचीं पिसें उपटलीं, आणि हा पहा प्लेटोचा मनुष्य, असें सांगून तो सभेंत सोडून दिला. त्यावर व्याख्येला 'रुंद नखांचा' एवढी पुस्ती जोडावी लागली म्हणतात. अन्नंभट्टाला हा कोंबडा फार आवडला असता.

आणि डॉक्टर जॉन्सन? आपल्या १७५५ सालच्या कोशांत ओट या धान्याचा अर्थ देतांना, इंग्लंडांत हें घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडांत माणसें खातात, अशा अर्थाचें त्यानें लिहून ठेवलें. दिसावयास व्याख्या, करावयास तुलना, आणि शिवाय शेजाऱ्याला चिमटा. या जॉन्सनावर आमच्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा मोठा लोभ. १८७४ सालीं सुरू केलेल्या 'निबंधमाले'त त्यांनीं त्याच्यावर विस्तारानें लिहिलें. आणि त्याच मालेंतल्या एका निबंधाचें नांव 'विद्वत्त्व आणि कवित्व' असें आहे. नांवांत दोन शब्द जोडीनें बसले आहेत, म्हणजे ही तुलना. पण एकाला दुसऱ्यापासून वेगळें ओळखावयाचें म्हणजे दोहोंचीं लक्षणें बांधणें आलेंच. मराठी निबंध वयांत येत होता तेव्हांपासून या दोन वाटा एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

तुलनेला भेद लागतो हें कोणीही सांगेल. तिला त्याहून अधिक साम्य लागतें, हें मात्र सांगावें लागतें. टिळक आणि आगरकर ही जोडी मराठी माणसाला इतकी कां खुणावते? दोघेही १८५६ च्या जुलैंत जन्मले. दोघे डेक्कन कॉलेजांत भेटले. १८८० सालीं चिपळूणकरांच्या बरोबरीनें निघालेल्या न्यू इंग्लिश स्कुलांत दोघांनीं आपलें तारुण्य ओतलें. पुढच्याच वर्षीं 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत दोघांनीं एकशें एक दिवस बरोबर काढले. इतकें सगळें एक असल्यामुळेंच, आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक या एका प्रश्नावर ते जेथें फुटले ती भेग लख्ख दिसते. १८८८ सालीं 'सुधारक' निघाला, त्या मागें डोंगरीची कोठडी नसती तर ती केवळ दोन पत्रांची स्पर्धा झाली असती. सारखेपणाच्या भिंतीवरच भेदाची रेघ उमटते. शहर आणि खेडें यांत तशी भिंत मुलाला सांपडत नाहीं, म्हणून त्याला 'तर दुसरीकडे'चा आधार घ्यावा लागतो.

या विद्येचा महागुरु प्लुटार्क. एक ग्रीक आणि एक रोमन अशा जोड्या लावून त्यानें थोरांचीं चरित्रें लिहिलीं, आणि बहुतेक जोड्यांच्या शेवटीं दोघांची तुलना करणारें एक छोटें प्रकरण जोडलें. खरें सांगावयाचें तर हीं प्रकरणें चरित्रांच्या मानानें फिकीं आहेत. निकालपत्र वाचून दाखविणाऱ्या न्यायाधीशाचा सूर त्यांत लागतो. आणि मौज अशी, कीं सर्वांत प्रख्यात जोडी जी अलेक्झांडर व सीझर यांची, तिच्या शेवटीं ही तुलनाच आज उपलब्ध नाहीं. ती हरवली म्हणा कीं लिहिलीच गेली नाहीं म्हणा, वाचकाचें त्यावांचून अडत नाहीं. दोन आयुष्यें शेजारीं ठेवलेलीं आहेत, एवढें त्याला पुरतें.

या सर्व गोष्टी मीं वर्गांत पुष्कळदां सांगितल्या होत्या. त्यांचा उपयोग मला स्वतःला पडावा असा प्रसंग गेल्या वर्षीं आला. माझा थोरला भाऊ वारला. तळकोंकणांतल्या आमच्या गांवीं एक वाचनालय आहे. दादा तेथें चाळीस वर्षें येऊन-जाऊन होता, फाटलेल्या पुस्तकांना खळ लावून तीं बांधून देत असे. वाचनालयाच्या मंडळींनीं एक लहानशी स्मरणिका काढण्याचें ठरविलें, आणि भाऊ तोही मराठीचा शिक्षक, म्हणून पहिला लेख माझ्याकडे आला.

आमच्या दोघांची तुलना करण्याचा धंदा गांवानें फार पूर्वींपासून चालविला होता. आम्हां दोघांत दोन वर्षांचें अंतर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असूं. अण्णांना अर्धांगाचा झटका आला तेव्हां दादा अकरावींत होता. तो परीक्षेला बसला नाहीं. कलमें, थोडी सुपारी आणि कर्जाची वही त्याच्याकडे आली, आणि मी पुण्यास शिकावयास गेलों. दरमहा त्याची मनीऑर्डर येई. कुपनावर दोन ओळी असत: पाऊस कसा झाला, अण्णांना झोंप लागते कीं नाहीं. पुढें नातलगांत एक वाक्य रूढ झालें, कीं धाकटा शिकला आणि थोरला अडाणी राहिला. लग्नकार्यांत पंगतीला बसल्यावर हें वाक्य हमखास निघे. दादा तें ऐकून वाढप्याला मठ्ठा आणावयास सांगे.

मीं लेखाचा पहिला मसुदा केला तेव्हां पाहिलें, कीं त्यांत दर वाक्यांत आम्ही दोघे होतों. मी गेलों, तो राहिला. माझ्या हातीं पुस्तक, त्याच्या हातीं कोयता. मोठ्या आदरानें लिहिलेला असला तरी तो 'शहर व खेडें' हाच निबंध होता. टिळकांनीं आपली वाट निवडली, आगरकरांनींही आपली निवडली. म्हणून त्यांची तुलना शोभते. आमच्यांत निवड एकानेंच केली, दोघांसाठीं. एकाच कप्पीवरून सोडलेल्या दोराला दोन टोकांशीं दोन घागरी बांधल्या, तर एक वर येते ती दुसरी खालीं जाते म्हणून. वर आलेली घागर उंच, खालीं गेलेली ठेंगणी, अशी तुलना कोणी करूं लागला तर त्याला काय म्हणावें?

तो मसुदा बाजूला ठेवला आणि लक्षणाकडे वळलों. थोरला भाऊ म्हणजे काय? आधीं जन्मलेला, म्हटलें तर अतिव्याप्ति. धाकट्याच्या मनीऑर्डरींवर जगणारे आधीं जन्मलेलेही मीं पाहिले आहेत. धाकट्यासाठीं त्याग करणारा, म्हटलें तर अव्याप्ति. ज्यांना तशी वेळच आली नाहीं ते काय थोरले भाऊ नव्हेत? शिवाय 'त्याग' हा शब्द त्याच्या अंगाला बसेना. अकरावीचा विषय त्यानें आमच्यांत कधीं निघूं दिला नाहीं, आणि आपल्या कलमांतून फिरतांना तो कांहीं गमावलेल्या माणसासारखा दिसत नसे.

व्याख्या माणसाला कोठें नेऊन ठेवील याचा नेम नसतो. आपल्या जनगणनेंत, सात वर्षें पुरीं झालेलें जें माणूस कोणत्याही भाषेंत समजून वाचूं-लिहूं शकतें तें साक्षर. या हिशोबानें पंगतींतला 'अडाणी' दादा साक्षर होता, आणि तेंही उत्तम प्रतीचा. नातलगांपेक्षां सरकार उदार निघालें. पण त्याच जनगणनेंत काम म्हणजे काय याचीही व्याख्या आहे. घरच्या शेतांत मोबदल्यावांचून राबणें हें तींत काम धरतात. केवळ घरकाम धरीत नाहींत. माझ्या वहिनी पहांटे चारला उठत. अंथरुणाला खिळलेल्या अण्णांचें सगळें त्यांनीं नऊ वर्षें केलें. कलमांना पाणी घातलें तेव्हां त्या काम करीत होत्या. अण्णांना कुशीवर वळविलें तेव्हां करीत नव्हत्या. पांढरी गाय बाहेर राहिली ती ही अशी. आणि मला पुण्यास पाठविणाऱ्या त्या दोरावर दादाच्या जोडीनें आणखी कोणाचा हात होता, हें ना पंगतींतल्या तुलनेंत आलें होतें, ना माझ्या पहिल्या मसुद्यांत.

मग मीं प्लुटार्कच्या त्या हरवलेल्या प्रकरणाचा आधार घेतला. निकाल वगळला, आणि माझें नांवही वगळलें. दादा कोणत्या महिन्यांत काय करी तें लिहिलें. पुस्तकाची पाठ बांधतांना सुई कशी धरी तें लिहिलें. अण्णांच्या शेवटच्या वर्षांत वहिनी आणि तो रात्रीं पाळीपाळीनें कसे जागत, तें लिहिलें. त्यानें स्वतः बांधलेलीं पायरीचीं सात कलमें फळाला आलीं होतीं. त्यांपैकीं कोणतें कोठें आहे हेंही लिहिलें. लेख पुरता चार पानांचा झाला. त्यांत 'खरा' हा शब्द एकदांही नव्हता.

छापावयास देण्यापूर्वीं तो वहिनींना वाचून दाखविला. त्या ओटीवर आमसुलें निवडीत बसल्या होत्या. संपेपर्यंत कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भाऊजी, विहिरीकडचें तें वठलेलें आठवें कलमही लिहा. त्यांनीं तें तोडूं दिलें नव्हतें."