४ वर्षे आणि १६ वर्षे

विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. त्याच वर्षी १४ जानेवारीला तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले होते आणि १० मे रोजी नेल्सन मंडेलांनी दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली होती. मी तेव्हा सेमिनरीत होतो. भोजनगृहात मंडेलांविषयी भरभरून बोलणे होई. नामांतराचा विषय निघाला की आवाज खाली येत.

येथील विद्यार्थी कधी विचारतात, "फादर, तिकडे अख्खे राज्य ४ वर्षांत बदलले, इथे एका नावाला १६ वर्षे का लागली?" प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठवली. प्रत्येकाची नोंद वंशानुसार करणारा १९५० चा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. १९९२ मध्ये केवळ गोऱ्या मतदारांचे सार्वमत झाले. सुमारे ६९ टक्क्यांनी बदलाला कौल दिला. एप्रिल १९९४ मध्ये सर्व वंशांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. अर्थात त्या ४ वर्षांमागे शार्पव्हिलचे बळी आणि मंडेलांचा २७ वर्षांचा कारावास होता, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे विधिमंडळाने नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजीच संमत केला होता. त्यापाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. तिकडची भिंत कायद्याने बांधलेली होती, म्हणून कायदा रद्द करून तिचा पाया तरी उखडता आला. आपल्या संविधानाने अस्पृश्यता १९५० पासूनच नष्ट ठरवली होती. रद्द करण्याजोगा कायदा उरलाच नव्हता; उरला होता तो गाव, आणि गावाबाहेरची वस्ती.

ख्रिस्ती वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दक्षिण आफ्रिकेतील कॅथलिक बिशपांनी १९५७ मध्येच वंशभेदाचे धोरण मुळातच दुष्ट ठरवले. डर्बनचे आर्चबिशप डेनिस हर्ली आयुष्यभर त्याविरुद्ध झगडले. तथापि काळ्या आणि गोऱ्या उमेदवारांच्या सेमिनऱ्या पुढेही अनेक वर्षे वेगळ्याच राहिल्या. तेथे ख्रिस्तसभेला कोणत्या कायद्याने अडवले होते, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी या सेमिनऱ्यांविषयीच बोलतो. कायद्याकडे बोट दाखवून सुटका करून घेत नाही.

'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून झालेल्या तडजोडीला शासनाने 'नामविस्तार' म्हटले. विद्यार्थी मात्र आजही 'नामांतर' हाच शब्द वापरतात.