वाघूर नदी आणि खालच्या अंगाचे पाणी

मुलांची सहामाही परीक्षा आटोपली आणि आईने पुन्हा तोच विषय काढला. "अरे बाबा, सारं जग येऊन अजिंठा पाहून जातं, आन् आपुन इतक्या जवळ राहून मला अजून दाखवला नाहीस." आईचे वय सत्त्याहत्तर. गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. शेवटी कंपनीतून दोन दिवसांची रजा टाकली. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मंगळवार धरला. सौभाग्यवतीने भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि आम्ही पाच जण सकाळच्या एस.टी.त बसलो.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ते अजिंठा हा रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपास. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि मग घाट. वाटेत मुलांना एक गोष्ट दाखवली, ती वाचकांनाही सांगतो. आपल्या शहरातून वाहणारी खाम नदी गोदावरीला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. पण अजिंठ्याचा घाट उतरला की पाण्याची दिशाच बदलते. इथले ओढे वाघूरला, वाघूर तापीला आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. आपला एक जिल्हा, पण त्याचे पाणी दोन समुद्रांना जाते. धाकटा म्हणाला, "पप्पा, म्हणजे आपण इथे नदीत काही टाकलं तर ते समुद्रात जाणार?" पोराचा प्रश्न बरोबर होता. तो दोन दिवस माझ्या डोक्यात राहिला.

भिक्खूंची नदी

फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरलो. तिथून पुढे खासगी गाडी नेता येत नाही. धुराने लेण्यांची हानी होऊ नये म्हणून चार किलोमीटर एस.टी.च्या वेगळ्या बसने जायचे असते. ही व्यवस्था चांगली आहे. नियम केला आणि तो पाळला की काय होते याचे ते उदाहरणच आहे.

लेण्यांबद्दल आपल्या वाचकांनी पुष्कळ ऐकलेले असते. घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा, त्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेली तीस लेणी, पहिल्या लेण्यातील पद्मपाणी, सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि १९८३ साली त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आईने सव्विसाव्या लेण्यात हात जोडले आणि बराच वेळ तिथेच बसली. पण बाहेर आल्यावर तिची नजर सारखी खाली नदीकडे जात होती.

"ही कोणती रे नदी?"

"वाघूर. वाघोरा पण म्हणतात."

"म्हणजे आपलीच वाघूर की! माझ्या माहेराहून वाहते ती?"

आईचे माहेर जामनेर तालुक्यात वाघूरच्या काठी. ज्या नदीत तिचे बालपण गेले, तिचा उगम या डोंगरात आहे हे तिला माहीत नव्हते. ती उठली आणि गुडघ्यांची तक्रार विसरून हळूहळू नदीवरच्या पुलापर्यंत गेली. पावसाळा नुकताच सरला होता. वर सातकुंडाच्या बाजूने बारीक धार पडत होती.

आज आपण लेण्यांना ज्या वाटेने जातो ती वाट नंतरची. मूळची वाट नदीतूनच होती. लेण्यांतून दगडी पायऱ्या नदीकडे उतरत. त्यातल्या बहुतेक नष्ट झाल्या. सोळाव्या लेण्याखाली दोन दगडी हत्ती आणि वर नागराजाची मूर्ती आहे, तिथे उभे राहिले की त्या जुन्या वाटेची कल्पना येते. काही ठिकाणी खडकात पाण्याची टाकीही कोरलेली आहेत. म्हणजे इथला संघ या नदीच्या आणि पावसाच्या पाण्यावर जगत होता.

आणि त्या पाण्याबाबत संघाचे नियम होते. विनयात भिक्खूंसाठी जे सेखिय नियम आहेत, त्यांतला एक असा की, आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये आणि पाण्यात थुंकू नये. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे फडकेही आहे. प्रदूषण हा शब्द तेव्हा नव्हता. पण वरच्याने घाण केली तर खालच्याला ती प्यावी लागते, हे त्यांना कळत होते.

हे मी मुलांना सांगत होतो आणि त्याच वेळी माझ्याच थोरल्याने बिस्किटाचा रिकामा पुडा पुलावरून खाली सोडला! आई अशी कडाडली की आजूबाजूचे लोक पाहू लागले. "खाली माणसं राहतात रे!" पोरगा खाली उतरून पुडा घेऊन आला. मी काही बोललो नाही, कारण वर्षानुवर्षे बसच्या खिडकीतून मीही तेच केले आहे.

खालचा अंग म्हणजे आपला अंग

संध्याकाळी आम्ही पुढची गाडी धरून आईच्या माहेरी मुक्कामाला गेलो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे जे दिसले ते त्या एकाच गावात आहे असे नाही.

रात्री अंगणात बसलो तेव्हा आईने लहानपणीचे सांगितले. गावची विहीर आपल्या लोकांना बंद. नदीवर जावे तर तिथेही जागा ठरलेल्या. वरच्या अंगाला गावाचे पाणी भरणे, त्याच्याखाली धुणे, त्याच्याखाली गुरे, आणि सगळ्यांत खाली आपण. वाळूत हाताने झिरा उकरायचा, वाटीवाटीने पाणी भरायचे, गढूळ आले तर निवळू द्यायचे. "माझ्या मायीचा अर्धा जन्म वाळू उकरण्यात गेला," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच काठ पाहायला गेलो. झिऱ्याची जागा आईने अचूक दाखवली. पण तिथे आता गावाचे मोठे गटार येऊन पडते. साबणाचा फेस, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि काळे पाणी. आई काही न बोलता परत फिरली.

माझ्या मामेभावाची पत्नी तिथे ग्रामपंचायत सदस्य आहे. ती म्हणाली, "भाऊजी, मी दोन वर्षं सांगते, गटार नदीत सोडू नका. सगळे म्हणतात, वाहतं पाणी आहे, जातं वाहून. पण लोकही कमान मागतात, रस्ता मागतात. गटाराचं कोणी मागत नाही." मग आईकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, आता नळ घरात आलाय, म्हणून नदी कोणाला दिसत नाही."

वाहून कुठे जाते, हा धाकट्याचाच प्रश्न. हीच वाघूर पुढे धरणात अडवलेली आहे आणि त्या वाघूर धरणाचे पाणी जळगाव शहर पिते. एके काळी खालचा अंग फक्त आपला होता. आज प्रत्येक गाव कोणाच्या तरी खालच्या अंगाला आहे.

ठराव आणि पाणी

मग हे थांबवायचे कोणी? पुष्कळांना वाटते की नदी म्हणजे वरच्या सरकारचे काम. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९७४ चा केंद्रीय कायदा आहे, आपल्या राज्यात १९७० पासून प्रदूषण नियंत्रण मंडळही आहे. पण घराघरातले सांडपाणी आणि गल्लीतला कचरा ही पहिली जबाबदारी ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची, महापालिकेची. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीत गटारे, विहिरी, तळी यांची स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य ही कामे लिहिलेली आहेत. पैसा नाही असे म्हणता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती.

शहरांची स्थिती खेड्यांपेक्षा बिकट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष शुद्ध होते ते सुमारे २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर बादल्यांपैकी अठ्ठावीसच. बाकीच्या बादल्या ओढ्यात, नदीत आणि शेवटी समुद्रात.

पण नुसता कायदा आणि नुसता ठराव यांनी काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावात जीव आला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला! १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत हा लढा चालला. महाडचा मुख्य धडा समतेचा आहेच. पण त्यात हाही एक धडा आहे की, स्थानिक संस्थेवर लोकांचा डोळा नसेल तर पाण्याचा ठराव दप्तरातच राहतो.

डोळा असेल तर काम होते. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेतले, उघडी गटारे बंद केली आणि डास हटवले. पुढे तेच काम 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखले गेले. आपल्या शहरातली खाम नदी कित्येक वर्षे नाला म्हणूनच ओळखली जाई. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि नागरिक यांनी मिळून तिचे काम हाती घेतले. कचरा उचलला, काठ मोकळे केले. त्या कामाची नोंद परदेशातही घेतली गेली. काम पुरे झालेले नाही, पण सुरू झाले आहे.

शोषखड्डा म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. घराच्या मोरीजवळ साधारण एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. त्यात खाली मोठे दगड, वर लहान दगड-विटांचे तुकडे भरायचे. गाळ अडवायला मोरीच्या तोंडाशी जाळी किंवा छोटे भांडे बसवायचे. मात्र तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर हवा, आणि संडासाचे पाणी त्यात सोडायचे नाही. जिथे जमीन काळी आणि चिकट आहे, पाणी मुरत नाही, तिथे गटाराच्या शेवटी तळे करून पाणी साठवून निवळू द्यावे लागते. ते काम पंचायतीचे.

निघण्याआधी आम्ही वहिनींबरोबर बसून एक कागद तयार केला. गावातल्या गटारांची तोंडे नदीत कुठे कुठे पडतात, कोणत्या घरांना शोषखड्डा घेता येईल, कुठे जागा नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हा नियम वहिनींना माहीत होता. त्याच सभेत हा कागद वाचायचे ठरले.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आला. मोठ्या गटाराचा निर्णय झाला नाही, "पुढच्या सभेत पाहू" म्हणाले. पण शोषखड्ड्यांचा ठराव मंजूर होऊन वहीत नोंदवला गेला आणि आपल्या वस्तीतल्या अकरा घरांनी पैशाची वाट न पाहता श्रमदानाने खड्डे खणले. पहिला खड्डा आईच्या माहेरच्या घरी झाला. वहिनींचा फोन आला तेव्हा आईने विचारले, "आन् ते मोठं गटार?"

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा आपण वाचतो. तो पाण्याच्या वाटणीचा तंटा होता. आपल्या पुढच्या पिढीला पाण्याच्या घाणीवरून तंटा करावा लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. बंधू-भगिनींनो, पुढची ग्रामसभा १ मेच्या सुमारास असेल. शहरात असाल तर नगरसेवकाचे दार आहेच. एकच विचारा : आमच्या गल्लीचे पाणी शेवटी कुठे जाते? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि मिळालेले उत्तर वहीत लिहून घ्या.